शैलाचे सोमवार

थंडी पडली की आमच्याकडे डिंक तळायला निघतो. यंदा तर निघायलाच हवा होता, कारण माझी थोरली लेक शैला बाळंतपणाला आली आहे आणि तिला मुलगी होऊन दोन महिने होत आले. परवा कढईत तूप तापलं, डिंकाचे खडे सोडले, ते फुलून वर आले, आणि मी झारा हातात धरून तशीच उभी राहिले. आतून शैला म्हणाली, "आई, काहीतरी जळून राहिलं का?" जळूनच राहिलं होतं. लोकांना डिंकाच्या वासानं आईची आठवण येते. मला लाकूडगाडीच्या बैलाची येते. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या मायनं तुपात तळलेला डिंक त्या बैलानं खाल्ला होता.

तेव्हा आम्ही लकडगंजात राहायचो. हे एका लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, कारकून होते आणि टालीमागच्या दोन खोल्या मालकानं राहायला दिल्या होत्या. सकाळी आठाला लाकूड चिरायचा आरा सुरू व्हायचा, तो संध्याकाळपर्यंत किरकिरायचा. सागाचा भुसा सगळीकडे असायचा: पापण्यांवर, पिठाच्या डब्यात, पाळण्याच्या दोरीवर. आम्ही शेगडीही भुशाचीच पेटवायचो. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा आणि बाटली अलगद उपसून घ्यायची. मग खालून काडी लावली की तीन तास बघायचं काम नाही. बाळाच्या आंघोळीचं पाणी त्याच्यावरच तापायचं. नागपूरची थंडी कोरडी, ओठ फोडणारी. पौषात पहाटे टालीतल्या ओंडक्यांवर दव पडलेलं असायचं आणि गाडीवान त्यांच्या आडोशाला सालींचा जाळ करून बसायचे. त्या थंडीचं मला सगळं आठवतं. आठवायचं नसतं तेसुद्धा.

शैलाच्या वेळचं माझं बाळंतपण माहेरी, खाप्याला झालं. तीन महिने मायनं मला खाटेवरून हलू दिलं नाही. तेल, शेक, पोटाला जुन्या लुगड्याचा घट्ट पट्टा, खसखशीची खीर, मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू. मी नको म्हटलं की माय वाटी पुढे सरकवायची. "खाय वं. हे काय तुह्या पोटात जाऊन राहिलं? लेकराच्या तोंडात जाऊन राहिलं." मी खाल्लं. कन्हानच्या काठची हवा, बसल्या जागी पाचही बोटं तुपात, आणि वय एकवीस. अंगानं अशी काही भरले की बांगड्या साबण लावूनही निघेनात. मला त्याचं तेव्हा काहीच वाटलं नाही. घरात सगळ्याच बायका बाळंतपणानंतर अशा व्हायच्या, आणि मग तशाच राहायच्या.

वाटलं ते मोटार स्टँडवर. मार्गशीर्षात हे मला घ्यायला आले. पेटी, लाडवांचा डबा, कडेवर शैला. रिक्षावाल्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि यांना म्हणाला, "बाबूजी, बाई को बैठने दो, आप पैदल आ जाओ. दोनों का नहीं जमेगा." हे हसले. वाईट हसले नाहीत, साधंच हसले. "खाप्याचं पाणी मानवलं बा तुले," म्हणाले, आणि स्टँडपासून लकडगंजापर्यंत रिक्षाच्या टपावर हात ठेवून पायी चालत आले. वाटेत ओळखीचे लोक भेटले, त्यांनाही हसून सांगितलं. त्यात यांचा काही दोष होता असं मला आजही वाटत नाही. पण मी रिक्षात बसून शैलाच्या टोपड्यात तोंड खुपसलं होतं. घरी येऊन लग्नातला ब्लाउज चढवून पाहिला. तो दंडावरच अडला. परकराची नाडी काढली, तर जुन्या गाठीचा चुरगळा होता तिथपासून आताची गाठ चांगली वीतभर पुढे गेलेली.

आता शैला सरळ म्हणते, "मला वजन कमी करायचंय." त्या काळी हे वाक्यच नव्हतं. अंगावर पाजणाऱ्या बाईनं असं म्हटलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. ताटातलं टाकायची सोय नव्हती, भूक नाही म्हणायची सोय नव्हती. पण उपास करायची सोय होती. आमच्याकडे बाईला न जेवण्यासाठी तेवढं एकच कारण देता येतं, आणि ते दिलं की उलट लोक तिच्या पाया पडतात.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. ठेंगणी, वाळकी, विधवा बाई. एकच मुलगा, तो म्हणजे हे. घरात खाण्याची सगळ्यात हौस कोणाला असेल तर त्यांना. गोळाभात झाला की गोळे आधी मोजून घ्यायच्या, दोन जास्तीचे स्वतःच्या ताटात घालायच्या आणि म्हणायच्या, "मी रांधलं, मले हक्क आहे." एकादशीसुद्धा त्या कशीबशी करायच्या. मी सोमवार धरते म्हटल्यावर त्यांनी मला वेड्यात काढलं. "लेकुरवाळीले उपास नसते. कोणं सांगितलं तुले?"

तेव्हा मी म्हणून गेले, "शैलासाठी बोलले आहे. तिची प्रकृती चांगली राहावी म्हणून. तिचा पहिला वाढदिवस होईपर्यंत."

असं काही मी देवासमोर बोलले नव्हते. पण बोललेल्या गोष्टीला आमच्याकडे कोणी आडवं येत नाही. आत्याबाईंनी देवाकडे पाहून हात जोडले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मंग साबुदाणा तरी खाय पोटभर." मी हो म्हटलं.

साबुदाणाही खाल्ला नाही. ताट घेऊन मागच्या दारी जायची, तिथे लाकूडगाड्या उभ्या असायच्या. त्यातला एक पांढरा बैल मला ओळखायला लागला होता. खिचडी त्याला, मायचे लाडू त्याला. सोमवाराला गुरुवार जोडला, म्हणजे आठवड्याचे दोन वार. बाकीच्या दिवशीही मी अर्ध्या भाकरीवर उठायची आणि दुपारी भूक लागली की गार पाणी प्यायची. शेजारच्या बायका चिडवायच्या, एकादशी अन् दुप्पट खाशी, आणि मी हसायची, कारण माझं उलटं चाललं होतं आणि ते कोणाला ठाऊक नव्हतं. दर आठवड्याला नाडीची गाठ बोटभर मागे यायची. खरं सांगायचं तर मला आनंद व्हायचा. चक्कर यायची, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि आनंद व्हायचा.

शैला दुपारी प्यायला घेतली की ओढायची, थांबायची, माझ्याकडे बघायची, पुन्हा ओढायची, मग सोडून देऊन रडायची. पोट दुखत असेल म्हणून मी घुटी द्यायची. पुढे पुढे ती रडेनाशी झाली. पडून राहायची आणि आरा चालायचा तिकडे डोळे लावायची. आल्या-गेल्या बाया म्हणायच्या, किती गुणाची पोर आहे. मलाही तसंच वाटलं. आई झालं म्हणजे सगळं आपोआप कळतं, असं जे म्हणतात ना, ते मी तेव्हापासून कोणाचं ऐकून घेत नाही.

टालीवर जळाऊ लाकडाचा मोठा काटा होता आणि फाट्या-चिरफळ्या तोलायला एक लहान तराजू होता. खाप्याहून आलो त्या आठवड्यात यांनी हौसेनं शैलाला सुपात दुपटं घालून निजवलं आणि लहान तराजूवर तोललं होतं. पाच किलोचं एक वजन आणि वर अर्ध्या किलोचं. किलोची वजनं तेव्हा नवीनच आलेली, यांना त्यांचंही कौतुक. आत्याबाई ओरडल्या होत्या, लेकरू तोलू नये म्हणून. पौषाच्या शेवटी एका रविवारी, आरा बंद असताना, यांनी पुन्हा सूप आणलं. "पाहू बरं, किती खाल्लं आमच्या बाईनं," म्हणत तीच दोन वजनं टाकली, आणि वरून टाकायला आणखी एक किलोचं हातात तयार ठेवलं.

सुपाचं पारडं वरच राहिलं. ते खाली येईना. यांनी दांडी ठोकून पाहिली, साखळी झटकली, पारड्यांची अदलाबदल करून पाहिली. "काटा मारून राहिला," म्हणाले. मग अर्ध्या किलोचं वजन काढून घेतलं, तेव्हा कुठे दांडी सरळ झाली. हातातलं किलोचं वजन त्यांनी खाली ठेवलं आणि सूप उचललं.

आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. "म्हटलं होतं तोलू नको. लागली दृष्ट." मी शेजारी उभी राहून मान हलवत होते. आतून कुठेतरी मला समजलं होतं, असं आज म्हणता येईल. पण तेव्हा मी दृष्टीवर विश्वास ठेवला, कारण तो ठेवणं सोपं होतं. आत्याबाई म्हणाल्या, शैलासाठी आणखी काही करायला पाहिजे. मी म्हटलं, शनिवारही धरते. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

माघात दवाखान्यात नेलं तेही आत्याबाईंनीच. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, सुती पातळ, नाकावर उतरलेला चष्मा. त्यांनी शैलाच्या मांडीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू जागेवर आली. मग त्यांनी शैलाला बाजूला ठेवून मलाच विचारलं, "तुम्ही काय जेवता?"

मी बोलायच्या आत आत्याबाई अभिमानानं म्हणाल्या, "तीन वार करते ना माझी सून. लेकरासाठी करते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. आत्याबाई शैलाला झबलं घालायला बाकड्याकडे गेल्या तेव्हा डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "अंग उतरवायला करून राहिल्या का हे?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं, नसेल तर नसेल. तरी ऐकून ठेवा. पाजणाऱ्या बाईनं उपाशी राहिलं तर अंग उतरतं, पण लेकराचंही उतरतं. दोन वेळा पोटभर जेवा. भाकरी, वरण, पालेभाजी, दूध. लाडू एक खा, चार नका खाऊ. सकाळी तासभर चाला. अंग महिन्यात चढलं नाही, महिन्यात उतरणारही नाही. वर्ष लागेल, लागू द्या. आणि हे वार आजपासून बंद." मग आत्याबाईंना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाल्या, "दूध आटलंय हिचं. गाईचं दूध चमच्यानं पाजा, आणि हिला जेवू घाला."

घरी येताना मी रिक्षात रडत होते. आत्याबाईंना वाटलं, उपास सुटणार म्हणून रडते. टालीच्या फाटकाशी उतरल्यावर त्यांनी मला थांबवलं. आरा चालू होता, त्यामुळे त्यांना कानाशी येऊन बोलावं लागलं. "रडू नको वं. देवाले बोललेलं अर्ध्यात सोडता येत नाही, लेकरावर येते. तुले जमत नाही तं मी धरते. तू खाय. मले काय, म्हातारीले."

म्हातारी काहीच नव्हत्या. पन्नाशीच्या आत होत्या.

मी तोंड उघडलं होतं. हे मी खरं सांगते. पण बोलायचं काय? की मी देवाचं नाव घेऊन खोटं बोलले, ब्लाउज दंडावर अडला म्हणून तुमच्या नातीचं दूध तोडलं? आरा किरकिरत होता, त्या कानाशी होत्या, एवढंच म्हणायचं होतं की आत्याबाई, असं काही बोललेलं नाहीच. तेवढंही म्हटलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे सोमवारी सकाळी त्यांनी आंघोळ केली, शैलाला मांडीवर घेतलं आणि देवासमोर तिचं नाव घेऊन संकल्प सोडला. मी भाकरी थापत होते.

मग मी जेवले. पोटभर जेवले, आणि माझ्यासमोर त्या उपाशी बसल्या. दूध थोडं परत आलं, पुरं आलं नाही. शैला गाईच्या दुधावर वाढली. अंगानं किरकोळच राहिली, अजूनही आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून मी सकाळी तिला खांद्यावर टाकून गांधीसागर तलावापर्यंत चालत जायची आणि यायची. नाडीकडे पाहायचं सोडून दिलं. पुढच्या दिवाळीला पेटी उपसताना लग्नातला ब्लाउज हाती लागला, घालून पाहिला, बसला. दोन वेळा जेवून, चालून, काहीही न करता उतरलं होतं सगळं. मी तो काढून घडी करून ठेवला. त्या दिवशी कोणता तरी वार होता आणि आत्याबाई ओसरीवर बसून शेंगदाण्याची सालं काढत होत्या.

शैलाच्या पहिल्या वाढदिवसाला उद्यापन करायचं ठरलं होतं. त्याच आठवड्यात तिला गोवर निघाला. आत्याबाई म्हणाल्या, आत्ता नाही सोडत. गोवर गेला, मग दात, मग शाळा, मग टायफॉइड. गुरुवार आणि शनिवार त्यांनी सोडले, सोमवार काही सुटला नाही. आळीतल्या बायका त्यांना मानायला लागल्या. खायच्या हौसेची बाई नातीसाठी कशी बदलली म्हणून माझ्याजवळ कौतुक करायच्या. मी स्वतःची समजूत घालायची की त्यांनाही आता हे आवडतं, मान मिळतो, मी सांगून तो कशाला काढून घेऊ? चोराला अशी कारणं बरी सुचतात. सोमवारी संध्याकाळी त्या बरगडीखाली मूठ दाबून बसायच्या आणि आम्ही जेवत असलो की तोंड दुसरीकडे करायच्या. पित्त वाढलं. पुढे एका डॉक्टरांनी उपास बंद करा म्हणून बजावलं, तेव्हा मी त्यांच्यासोबत होते. आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "लेकराच्या नावचं आहे, बापू. सोडता येत नाही." मी त्यांची चप्पल सरळ करून दिली आणि आम्ही घरी आलो.

एवढ्या वर्षांत मला सांगायला फुरसत मिळाली नाही असं नाही. दर रविवारी साबुदाणा मीच भिजवत होते.

दोन वर्षांपूर्वी अशाच थंडीत त्या गेल्या. पोटातून रक्त गेलं. डॉक्टर म्हणाले, वयही झालं होतं. मी म्हटलं, हो. आमच्याकडे सगळे सांगतात की नातीसाठी सोमवार करणारी बाई, सोमवारीच गेली. बुधवार होता. मी कोणाला दुरुस्त करत नाही.

शैलाचं सगळं बालपण या सोमवारांवर पोसलेलं आहे. शाळेत असताना ती मैत्रिणींना सांगायची, माझी आजी माझ्यासाठी उपाशी राहते. परीक्षेला जाताना आधी आजीच्या पाया पडायची, मग देवाच्या. सासरी गेली तेव्हा आजीचाच फोटो घेऊन गेली, माझा नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, बरंच वाटायचं.

काल सोमवार. डिंकाचे लाडू अखेर वळून झाले होते. शैला न्हाऊन आली आणि बाळीला मांडीवर घेऊन केस विंचरू लागली. मी लाडू आणि दूध पुढे ठेवलं. ती म्हणाली, "आज नको, आई. आजपासून मी आजीचे सोमवार धरून राहिली. आजीनं माझ्यासाठी केले, मी हिच्यासाठी करीन." आणि मग फणीतला गुंता ओढता ओढता सहज पुढे म्हणाली, "वजन पण उतरेल जरा."

जे मी पंचवीस वर्षं दडवलं ते ती केस विंचरता विंचरता बोलून गेली. तिला त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही, आणि नव्हतंही. मी म्हटलं, पाजणाऱ्या बाईनं उपास करायचा नसतो. ती म्हणाली, आजीनं केला नसता का? मी म्हटलं, वजन उतरवायचं तर जेवून उतरव, चालून उतरव, घाई करू नको. ती म्हणाली, एका दिवसानं काय होते? हट्टी आहे, आणि आजीवर तिची श्रद्धा आहे. माझ्या कुठल्याही शब्दाला त्यापुढे वजन नव्हतं. बाळी दूध पीत होती. ओढायची, थांबायची, वर बघायची.

तेव्हा सांगितलं. रिक्षा, ब्लाउज, बैल, तराजू, दवाखाना, टालीचं फाटक. खाली बघून सांगितलं, मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढे जमलं नसतं. बाळी पिता पिता झोपून गेली.

मग शैलानं विचारलं, "आजीला माहीत होतं?"

"नाही."

"शेवटी तरी? दवाखान्यात?"

"नाही."

"तू रविवारी साबुदाणा भिजवायचीस," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

तिनं लाडू उचलला आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ला. सगळा खाल्ला, वर दूध प्याली. मला तेवढंच हवं होतं, ते मिळालं. पेला खाली ठेवून ती उठली, तेव्हा बाळीला घ्यायला मी हात पुढे केले. रोज देते. काल तिनं बाळीला माझ्या हातांवरून पलीकडे नेऊन पाळण्यात ठेवलं, आणि दोरी स्वतःच्या हातात घेतली.